मापाचा पायजमा

१९६६ सालचा रमजान ऐन डिसेंबरात आला होता. पाचगणीत त्या वर्षी थंडी अशी पडली होती, की भर दुपारीसुद्धा ओट्यावरचा उन्हाचा तुकडा जसा सरकेल तसे आम्ही सरकत बसायचो. अशाच एका दुपारी माझी फुफी महाबळेश्वरहून एसटीनं परत आली. कडेवर मूल घ्यावं तसं एक गाठोडं तिनं धरलं होतं. ओट्यावर टेकायच्या आधीच ती म्हणाली,

"घे बद्रू. तुझ्या नवऱ्याचं माप."

"अजून नवरा व्हायचाय तो," अम्मा डाळ निवडता निवडता म्हणाली.

"ईद झाली की होतोय. चार दिवस आधी म्हटलं तर तुझी डाळ शिजायची थांबणार आहे का?"

फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण, जैतुनबी. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. माझं लग्न तिनंच जुळवलं होतं. मुलगा महाबळेश्वरच्या नालबंदांचा, यासीन. घरची घोडी पाहुण्यांना फिरवायला जायची, आणि यासीन स्वतः बाजारातल्या दुकानात बसून खोगिरं आणि लगाम शिवायचा. अब्बा जमातीतल्या दोघांना घेऊन त्याला बघून आले होते. येऊन म्हणाले, "पोरगा अदबीचा आहे. आम्ही होतो तोवर चुळबूळ नाही, काही नाही. जागचा हलला नाही."

मला बाविसावं लागलं होतं. त्याआधी वाईचं एक स्थळ ठरून मोडलं होतं. मुलगी सातवी शिकलेली आहे आणि उलट बोलते, असं त्या लोकांनी जाताना सांगितलं होतं. त्यानंतर बाजारातल्या बायका मला बघून आवाज खाली करायच्या. तेव्हा हे स्थळ मोडलं, तर पुन्हा कोणी आमच्या दाराशी येणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी ते बोलत नव्हतं.

आमच्यात रीत अशी होती. मंगनी आणि निकाह यांच्यामध्ये रमजान आला, तर मुलीकडून मुलाला कपडे जायचे. ते घालून तो सत्ताविसाव्या रातीला, आम्ही जिला बडी रात म्हणतो त्या रातीला, मशिदीत उभा राहायचा. होणाऱ्या जावयाच्या अंगाला मुलीकडच्यांनी फीत लावणं बरं दिसत नसे. म्हणून त्याचा एक जुना कुर्ता आणि पायजमा मागवायचा आणि त्यावरून बेतायचं. घरात हातमशीन होतं, आणि शिवणारी मीच होते. माझ्याच होणाऱ्या नवऱ्याचे कपडे मीच शिवणार, यावर फुफी तोंडाला पदर लावून हसायची.

अब्बा एका बोर्डिंग शाळेत खानसामा होते. शाळेला नाताळची सुट्टी, म्हणून ते घरीच. गाठोडं आल्यावर तेही उन्हात येऊन बसले, आणि काय शिवायचं यावर सभाच भरली.

"शेरवानी," अम्मा म्हणाली. "पहिला जावई आहे."

"शेरवानी निकाहाला," अब्बा म्हणाले. "नमाजात ती रुकूला वाकलं की गळा धरते. साधा कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांची सदरी."

"तिथं पहाटे पाण्यावर बर्फ धरतो म्हणतात. लाँगक्लॉथच्या कुर्त्यात गारठेल तो."

"मग आतून फलालीन लावा."

"शेरवानीच," फुफी मध्येच म्हणाली. "आणि लांब. चांगली पोटऱ्यांपर्यंत येणारी. काळ्या काश्मिऱ्याची."

"अगं आपा, ऊब छातीला लागते. पोटऱ्यांना नाही."

"तुझ्या छातीला लागत असेल. महाबळेश्वरची थंडी खालून चढते."

"एवढं कापड चढवा की लोक म्हणतील, मशिदीत पहिल्या रांगेत गादी गुंडाळून उभी केली आहे," अब्बा म्हणाले. पण बहिणीपुढं त्यांचं कधी चाललं नाही. दुसऱ्या दिवशी ते वाईला जाऊन काळा काश्मिरा, लाँगक्लॉथ आणि फलालीन घेऊन आले. शेरवानी ठरली.

मी गाठोडं सोडलं. कुर्ता अंथरला, खांदे मोजले, छाती मोजली. भरदार माणूस. मग पायजमा अंथरला, नेफा मोजला, आणि पुन्हा मोजला. कुर्त्यातला माणूस त्या पायजम्यात शिरणंच शक्य नव्हतं. कुर्ता निळीतून काढलेला, कडक इस्त्रीचा. पायजमा नुसता धुतलेला आणि घडी घातलेला. दोन वेगळ्या माणसांचे कपडे एका गाठोड्यात आले होते. घाईत चुकलं असेल म्हणून मी पायजम्याची उंची घ्यायला तो उताणा केला, आणि हात थांबला.

आमच्याकडं पुरुषांचे पायजमे आधी गुडघ्यांवर जातात. पाच वेळा जमिनीला टेकायचं, तेही ओबडधोबड चटईवर. अब्बांच्या पायजम्यांना मी दर दोन-तीन महिन्यांनी गुडघ्यावर ठिगळ लावायची, दोन्हीकडं सारखंच. या पायजम्याच्या डाव्या गुडघ्यावर ठिगळ होतं, त्या ठिगळावर आणखी एक, आणि तेही विरत आलेलं. टाके मेण लावलेल्या दोऱ्याचे होते, खोगिराला घालतात तसे, एकसारखे आणि पक्के. उजवा गुडघा मात्र कोरा. तिथं कापड जसंच्या तसं होतं. फक्त उजव्या पायाची मोहरी बाहेरच्या अंगानं झिजून दशा सुटल्या होत्या, जमिनीवरून घासत गेल्यासारख्या.

मी पायजमा घडी घालून ठेवला. पुन्हा उघडला. त्या दिवशी मशीनची सुई दोनदा मोडली. अम्मा म्हणाली, "रोजा लागलाय का गं तुला?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फुफी परसात बसून अस्तरात भरायला कापूस मोकळा करत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"फुफी, ते नमाज कसा पढतात?"

"कोण?"

"ज्यांचं माप आणलंत ते."

"सगळे पढतात तसा."

"सगळ्यांचे दोन्ही गुडघे झिजतात."

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले, पण कापूस नुसताच या हातातून त्या हातात जात राहिला.

"घोडं अंगावर पडलं होतं," ती हळू म्हणाली. "मिसरूड फुटायच्या आधीची गोष्ट. हाड जुळलं. गुडघा वळत नाही, एवढंच. बाकी पोरगा लाखात एक आहे बद्रू. हाताला कला आहे, जिभेला साखर आहे."

"अब्बांना माहीत आहे?"

"तो पसरणीचा घाट पायी चढून जाईल असा माणूस, पण हे सांगितलं असतं तर या स्थळासाठी दारातून उठला नसता."

"मग मला सांगायचं."

"सांगून काय केलं असतंस?"

"बघितलं असतं."

"काय?"

"त्यांना चालताना."

फुफीनं कापूस खाली ठेवला. "मला चौदाव्या वर्षी दिलं, दोन्ही पाय धड असलेल्याला. ते पाय कुठं कुठं जायचे, ते कधी विचारलंस मला? इथं निदान माणूस घरी बसलेला सापडेल." मग तिचा आवाज बारीक झाला. "आणि आता तू तोंड उघडलंस, तर तुझा बाप मला या उंबऱ्याच्या आत ठेवणार नाही. तो बाकी सगळं सोसतो, फसवणूक सोसत नाही. मी कुठं जाऊ तेवढं सांग, आणि मग खुशाल बोल."

मी उठून घरात आले, बाहेर गेले, पुन्हा घरात आले. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. पाणी भरायला जायचे आणि रिकामी घागर घेऊन परत यायचे. नमाजाला उभी राहिले की किती रकाती पढून झाल्या ते चुकायचं. पायाचा राग मला नव्हता, हे मी आजच म्हणत नाही, तेव्हाही मला ते कळत होतं. मला अंधारात ठेवून घरात न्यायचं ज्यांनी ठरवलं, त्यांत तोही होता का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. दुकानात बसून अब्बांशी गोड बोलला, आणि उठला नाही. ते त्याच्या मनानं, की दुसऱ्याच्या? उत्तर विचारायचं कोणाला? माझ्याजवळ त्याचा छातीपर्यंतचा एक फोटो होता, आणि फोटो काही बोलत नव्हता.

शेवटी मी काळा काश्मिरा जमिनीवर अंथरला आणि कात्री घेतली. शेरवानी कापली नाही. सदरी कापली, कमरेपर्यंतच येणारी. उरलेल्या कापडाचे तुकडे असे केले की त्यातून पुन्हा कोणाला शेरवानी काढता येऊ नये. कुर्ता पायजम्याच्या नेफ्यावरून अंदाजानं बेतला आणि रिवाजापेक्षा आखूड ठेवला, गुडघ्याच्या वर. आणि पायजमा बेतताना उजवा पाय डाव्यापेक्षा ऐसपैस ठेवला, आसनात मोठी कळी घातली, म्हणजे पाय न वाकवता बाजूला पसरता येईल. त्या एकाच पायाला आतून फलालीन लावलं. थंडीत जुनं हाड ठणकतं, हे मला अम्माच्या मनगटावरून माहीत होतं.

अब्बांनी सदरी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शेरवानीचं काय झालं?"

"रुकूला गळा धरते, तुम्हीच म्हणालात."

ते खूश झाले. म्हणाले, "घरात एक तरी माणूस माझं ऐकतं."

फुफीनं मात्र पायजमा आतून उलटा करून पाहिला आणि दार लोटून घेतलं.

"हे काय केलंस?"

"तुम्हीच घेऊन जा हे. आणि त्यांना निरोप द्या. म्हणावं, हे कपडे घालून पाचगणीला या. स्टँडपासून आमच्या दारापर्यंत, सगळ्या बाजारातून चालत या. आले तर पुढचं पुढं. नाही आले तर बड्या रातीच्या सकाळी मी अब्बांना सांगणार."

"मुलगी मुलाला असा निरोप धाडते का कुठं?"

"नाही धाडत. मी धाडते."

फुफी गेली आणि आली. "दिले," एवढंच म्हणाली. "निरोप?" म्हटलं, तर "दिला," म्हणाली आणि चुलीकडं वळली. नंतर ती माझ्या नजरेला नजर देईना. मी तेही भीतीच्या खाती घातलं.

मग वाट बघणं सुरू झालं. महाबळेश्वरहून येणाऱ्या एसटीचा हॉर्न आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. तो ऐकला की मी ओट्यावर यायचे, आणि काही काम नाही म्हणून तिथलं आधीच झाडलेलं पुन्हा झाडायचे. शेजारच्या हलीमाचाचीनं अम्माला विचारलंसुद्धा, "तुमच्या बद्रूला ओटा एवढा का आवडायला लागलाय?"

बडी रात दोन दिवसांवर आली होती. ऊन कलंडलं होतं, वारा सुटला होता. अब्बा ओट्यावर बसून रोजा सोडायची फळं चिरत होते. शाळेतल्या साहेबांसाठी चिरायचे तशीच, एकसारख्या फोडी. मी खिडकीच्या गजांमागं होते. तेव्हा बाजाराच्या वळणावरून एक माणूस आला. पांढरा कुर्ता-पायजमा, वर काळी आखूड सदरी, डोक्यावर पांढरी टोपी. शाल नाही, हातात काठी नाही. उजवा पाय सरळ ठेवून तो बाहेरून गोल फिरवत पुढं टाकायचा, प्रत्येक पावलाला खांदा खाली जायचा, पुन्हा वर यायचा. पानवाल्यापाशी उभे असलेले लोक बोलायचे थांबले. एक-दोन जण माग काढत चार पावलं आलेसुद्धा. तो सरळ आमच्या घराकडं बघत चालत राहिला.

अब्बांनी त्याला ओळखलं नाही. त्यांनी त्याला बसलेलाच बघितला होता.

"अस्सलाम अलैकुम, चाचा. मी यासीन."

अब्बांनी सलाम घेतला. चेहरा बघितला, मग पाय, मग परत चेहरा. "पाय लचकला का?"

"नाही. असाच आहे. लहानपणी घोड्याखाली आलो होतो." त्याला दम लागला होता, पण तो थांबला नाही. "तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी उठलो नाही. आईनं शपथ घातली होती. तुम्ही गेल्यावर ती पाळली याची लाज वाटली. मापासाठी तिनं भावाचे कपडे काढून ठेवले होते. त्यातला पायजमा मी काढून घेतला आणि माझा ठेवला. दोन्ही बदलले असते तर तिला कळलं असतं. मंगनी मोडायची असेल तर आता मोडा. मी तोंडावर ऐकून जाईन."

अब्बांच्या हातात सुरी तशीच होती. त्यांनी मान वळवली आणि घरात बघितलं.

"आपा."

फुफी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं चौकट धरली होती.

"तुला माहीत होतं?"

तिनं पदरानं तोंड झाकलं. अब्बांचा चेहरा मला दिसत होता. वाईचे लोक उठून गेले तेव्हाही मी तो तसा बघितला नव्हता.

"मलाही माहीत होतं," मी म्हणाले.

अम्मानं माझा दंड धरला. होणारा नवरा ओट्यावर उभा असताना मुलीनं आवाज ऐकवायचा नसतो. अब्बा खिडकीकडं वळले.

"कधीपासून?"

"माप घेतल्यापासून. म्हणून सदरी आखूड शिवली. मला त्यांना चालताना बघायचं होतं."

"बघितलंस?"

"हो."

"मग?"

अम्माची बोटं दंडात रुतत होती. बाहेर तो खाली मान घालून उभा होता. वाऱ्यानं कुर्ता अंगाला चिकटत होता.

"बाहेर फार थंडी आहे," मी म्हणाले. "त्यांना आत घ्या."

मग मशिदीतून अजान झाली. रोजेदाराला दारात उभं ठेवून रोजा सोडणं अब्बांना या जन्मात जमलं नसतं. त्यांनी सुरी ठेवली, ताटातली खजूर उचलली आणि त्याच्या हातावर ठेवली. दोघांनी उभ्यानंच रोजा सोडला. मग अब्बा म्हणाले, "चला, मगरीबच्या नमाजाची वेळ जाते," आणि तरातरा चालू लागले. लिंबाच्या झाडापर्यंत ते आपल्या चालीनं गेले. तिथं थांबले. मागचा माणूस जवळ येईपर्यंत ते उगाचच टोपी सारखी करत राहिले. पुढं दोघं बरोबरीनं गेले, वळणापर्यंत मला दोन्ही पाठी दिसल्या.

रात्री जेवताना अब्बा त्याच्याशी एकच वाक्य बोलले. "महाबळेश्वरला पहाटे नमाजाआधी वजूला गरम पाणी असतं का? आमच्या मुलीला थंड पाणी सोसत नाही."

ईदेनंतर आमचा निकाह झाला. घरात संक्रांतीचे तिळगूळ शेजाऱ्यांकडून आलेले अजून संपले नव्हते.

यासीनबरोबर मी सदतीस वर्षं संसार केला. तीन मुलं झाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा मी सहज म्हणाले, माझा निरोप ऐकून तुम्हाला राग नाही आला का? ते म्हणाले, "कसला निरोप? तुझी फुफी गाठोडं टाकून क्षणभरही न टेकता पळाली. बडी रात जवळ आली तेव्हा मी पायजमा घालून बघितला, आतून गरम लागला, आणि दुसऱ्या दिवशीची एसटी धरली." खोगिरं शिवणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढं घोडी कमी झाली, तेव्हा ते पिशव्या आणि पट्टे शिवायला लागले. २००४ च्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन गेले.

माझ्या सासूनं पायजम्याबद्दल मुलाला काहीच विचारलं नाही. मला मात्र ती वर्षभर "अगं ए शिंपीण" म्हणायची, आणि पहिला नातू झाल्यावर बद्रुन्निसा म्हणायला लागली. अम्मा माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आमच्याकडं आली होती, तिथंच तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. अब्बा पुष्कळ जगले. जावयाचा त्यांना लळा लागला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी ते स्वतः केलेला काही ना काही पदार्थ डब्यात घालून एसटीनं वर यायचे. पण बहिणीला त्यांनी माफ केलं नाही. घरातून काढलं नाही, तिच्या हातचं खाणं मात्र सोडलं. म्हणून लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मीच फुफीला महाबळेश्वरला घेऊन आले.

ती आमच्याकडं शेवटपर्यंत राहिली आणि अर्ध्या बाजाराची लग्नं तिनं जुळवली. एक मात्र ती कधी चुकवायची नाही. मुलीकडचे बघायला आले, की चहाच्या आधी ती मुलाला आमच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायची, जाताना आणि येताना. एकदा बागवानांचा थोरला मुलगा वैतागून म्हणाला, "फुफी, मी काय घोडा आहे का?"

"घोडा असतास तर दातही बघितले असते," फुफी म्हणाली. "चल, परत एकदा."